ऐरणीवर मोजलेले जपानी शब्द

आमचे हे जपानी शब्द शिकायला लागले तेव्हा मला आधी रागच आला होता. भट्टी फुललेली, सांडशीत लालबुंद कोयता, माझ्या हातात उचललेला घण, आणि हे ऐरणीशेजारी विटेला टेकवलेल्या मोबाइलकडं मान वळवून म्हणतायत, "त्सुचि." मी म्हटलं, "घण डोक्याच्या वर हाय माझा. आदी कुठं मारू ते सांगा, मग काय त्सु ते करा." हे हसले. हसेपर्यंत लोखंड काळं पडलं आणि पुन्हा भट्टीत घालावं लागलं. कोळसा फुकट गेला म्हणून मी दुपारपर्यंत गाल फुगवून होते.

आता ते घरातच, खाटेवर असतात. मेंदूतली नस बंद पडली आणि उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. बोलण्यातलं जे थोडं उरलं त्यात हे जपानी शब्द. तलवारीचे, सुऱ्यांचे, लोखंडाला पाणी देण्याचे. ते त्यांना अजून अगदी नीट येतात. मला मात्र त्यांच्या तोंडून एकच शब्द हवा होता, मराठीतला, दोन अक्षरांचा, मला हाक मारायचा. त्या शब्दासाठी मी काय काय केलं ते सांगते.

तेलगावच्या बाहेर, रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड आहे आणि तिच्या मागं दोन खोल्या. सासरे लोहार, त्यांचे वडील लोहार. दसरा जवळ आला की आम्हाला मान वर करायला फुरसत नसते, कारण त्यानंतर सगळा जिल्हा ऊसतोडीला निघतो आणि प्रत्येकाला आपल्या हाताला बसणारा कोयता पाहिजे असतो. आम्ही तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून करतो. काम जोडीनं चालतं. हे डाव्या हातात सांडशी धरणार, उजव्या हातात छोटी हातोडी. हातोडी जिथं टिचकी मारेल तिथं माझा घण पडणार. मध्ये बोलायचं काही कारणच नाही. मी माहेरीही हेच करत होते. मला बघायला आलेल्या सासूबाईंनी तोंडाकडं फारसं पाहिलंच नाही, दंड चाचपून बघितला आणि होकार कळवला.

बोलणं व्हायचं ते शेडमधून घरात. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि नवराही चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. मी त्यांना "अहो" आणि ते मला "अगं". हे "अगं" तसं सगळ्याच बायकांच्या वाट्याला येतं, पण आमच्या ह्यांचं वेगळं होतं. त्यातला अ जवळजवळ गिळलेला आणि गं ओढून लांब केलेला, भट्टीपासून चुलीपर्यंत पोचेल इतका. त्या ओढण्यावरून मला कळायचं, चहा पाहिजे, की गिऱ्हाईक आलंय, की एखादा कोयता मनासारखा उतरलाय आणि तो बघायला कुणीतरी पाहिजे. ही तिसरी हाक आली की मी मुद्दाम उशिरा जायची. मी पोचेपर्यंत ते कोयता फडक्यानं पुसत उभे असायचे.

जपानी सुरू झालं ते एका आचाऱ्यामुळं. तो मूळचा उमापूरचा, पुण्यात मोठ्या हॉटेलात स्वयंपाकाला आहे. सणाला गावी आला होता आणि वडिलांसाठी कोयता न्यायला आमच्याकडं थांबला. कोयत्याच्या धारेवरून त्यानं अंगठा फिरवला, आणि मग मोबाइलवर एक चौकोनी सुरी दाखवली. भाजी चिरायची जपानी सुरी. म्हणाला, "असली करताल का?" हे म्हणाले, "लोखंड हाय, हात हायती. कावून न्हाई करनार?" सुरी झाली. त्याला आवडली. पुढच्या खेपेला येताना त्यानं ह्यांच्या मोबाइलमध्ये जपानी लोहारांचे व्हिडिओ भरून दिले.

त्यात एक म्हातारा लोहार होता, पांढऱ्या कपड्यातला. तो छोट्या हातोडीनं टिचकी मारायचा आणि समोरच्या गड्याचा घण बरोबर तिथंच पडायचा. हे मोबाइल घेऊन चुलीपाशी आले आणि त्या घणवाल्या गड्यावर बोट ठेवलं. "अगं, बघ. तुझी जोडीदारीन." मी बघितलं आणि म्हटलं, "दाढी हाय की जोडीदारनीला." पण मलाही ते बघताना बरं वाटलं. इतक्या लांब कुणीतरी आपल्यासारखंच, न बोलता, टिचकीवर घण मारतंय.

तोपर्यंत शब्दांचं काही नव्हतं. हे त्यांच्या धार लावायच्या दगडाला, त्या सुरीला, मनाला येईल ते म्हणायचे. मग एक दिवस त्याच मोबाइलवर एक परदेशी माणूस दिसला आणि त्याच्या हातात आपला ऊसतोडीचा कोयता. माणूस कोयत्याचं कौतुकच करत होता. फक्त "कॉयटा, कॉयटा" म्हणत होता. ह्यांनी मोबाइल बंद केला. जेवताना भाकरी तशीच ताटात राहिली. म्हणाले, "माझ्या बापाच्या हातची वस्तू हाय ती. कसं म्हनतेत म्हणून कुनाला तरी इचारायचं त्यानं." मी म्हटलं, "तुमाला काय फरक पडतोय? कोयता तर कोयताच हाय." ते म्हणाले, "मी तरी काय येगळं करायलोय? त्या म्हाताऱ्याच्या कामाची नावं मी कशीबी घेतोय."

एवढंच कारण होतं. शेजाऱ्याकडून आणलेलं भांडं आपण घासून परत देतो, तसं त्यांना ते शब्द वापरायचे होते. गावात कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. मीही हसतच होते.

आचाऱ्यानं संभाजीनगरच्या एका बाईंचा नंबर दिला. त्या जपानी भाषा शिकवतात. रविवारी सकाळी त्या थोडा वेळ फोनवर शिकवायला लागल्या. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली, की जपानीत कुठल्याही एका अक्षरावर जोर द्यायचा नाही, प्रत्येक मात्रा सारख्या अंतरानं पडली पाहिजे. तलवारीच्या पोलादाला म्हणतात तामाहागाने. इंग्रजी बोलणारे लोक त्यातल्या गा वर बसतात आणि बाकीचं चिरडतात. बाई म्हणाल्या, "टाळी वाजवून मोजा." हे कसली टाळी वाजवतात. ह्यांनी हातोडी घेतली आणि ऐरणीवर मोजलं, ता, मा, हा, गा, ने. पलीकडून बाईंनी विचारलं, "कसला आवाज येतोय?" हे म्हणाले, "ऐरन हाय, बाई." बाई म्हणाल्या, "मग टाळी राहू द्या, तीच वापरा."

आणि खरंच, मोजण्याच्या बाबतीत बाईंना काही सांगावं लागलं नाही. ज्याचा जन्म टिचक्या मारण्यात गेला त्याला सारखं अंतर काय शिकवायचं? अडायचं ते जिभेवर. त्सुचि म्हणजे हातोडी. बाईंनी सांगितलं, हिंदी बोलणाऱ्यांना ते त्सु जमता जमत नाही, पण तुम्हाला जमेल, कारण चूल म्हणताना जो च निघतो तोच हा. त्यापुढचा मात्र चिंचेतला च. झालं. आठवडाभर हे घरात चूल, चिंच, चूल, चिंच करत फिरले. शेजारीण मला बाजूला घेऊन विचारून गेली, की या वयात चिंचेचे डोहाळे लागलेत की काय. आमची लेक लग्न होऊन गेवराईला नांदत होती तेव्हा.

मग सुरीचा शब्द आला, होच्यो. त्यात चोरातला च चालत नाही, चहातला पाहिजे, आणि दोन्ही ओ पुरते लांब. पात्याच्या टोकाला किस्साकि. त्यात स वर एक मात्रा गप्प थांबायचं आणि मग पुढं जायचं. पाणी दिल्यावर धारेलगत जी धुरकट लाट उमटते ती हामोन, आणि त्यातला शेवटचा न् सुद्धा स्वतःची एक मात्रा घेतो, त्याला घाईनं नाकात घालवायचा नाही. पाणी देणं म्हणजे तापलेलं पातं एकदम पाण्यात बुडवून कडक करणं, त्याला याकि-इरे. धार लावायच्या दगडाला तोइशि. मला हे सगळं कसं ठाऊक? परीक्षक मीच होते ना.

मोबाइलवर म्हातारा लोहार बोलायचा, त्याच्यामागून हे बोलायचे, आणि दोन्ही आवाज एक झाले का ते मी सांगायचं. माझं उत्तर ठरलेलं असायचं.

"न्हाई."

"कावून न्हाई?"

"ओठ पुडं आले तुमचे. बाईनं काय सांगितलंय? ओठ जागेवर ठेवायचे. तुमी तर मुका घ्यायला निघाल्यावानी दिसायलाव."

ते आधी रस्त्याकडं बघायचे, कुणी ऐकलं का म्हणून. मग पुन्हा म्हणायचे. मी पुन्हा "न्हाई". खरं सांगायचं तर मला ते दिवस फार आवडायला लागले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, लेक उजवली, पण माझ्याकडं तोंड करून, माझ्या चेहऱ्याकडं बघत ते इतका वेळ कधी बोलले नव्हते. आमचं सगळं आयुष्य ऐरणीकडं बघण्यात गेलं होतं. आता ते एक शब्द म्हणायचे आणि माझ्या डोळ्यांत बघत थांबायचे, बरोबर आला का म्हणून. मला हवं असतं तर दहादा पास केलं असतं. पण मग खेळ संपला असता.

बाईही त्यांना पुरतं पास करत नव्हत्या. "जवळ आलंय, अजून थोडं," एवढंच म्हणायच्या. ह्यांना त्यांच्या तोंडून "बरोबर" ऐकायचं होतं, आणि ते उन्हाळ्याच्या आत ऐकायचं होतं. कारण आचाऱ्यानं कळवलं होतं, की उन्हाळ्यात पुण्याला सुऱ्या करणाऱ्यांचा मेळावा आहे आणि जपानहून एक म्हातारे लोहार येणार आहेत. हे स्वतःची सुरी घेऊन जाणार होते. मला म्हणाले, "सुरी त्याच्यापुढं ठेवायची आन् एकेका भागाचं नाव नीट घ्यायचं. त्याला कळलं पायजे, आमी त्याच्या कामाची इज्जत ठेवली." मी म्हटलं, "आन् तो काय म्हणंल?" म्हणाले, "काय म्हणायची गरज न्हाई. त्यानं मान हलवली तरी लई झालं."

थंडीचे दिवस होते. रस्त्यानं उसानं भरलेली वाहनं कारखान्याकडं चालली होती. कोयत्यांचा हंगाम सरला होता आणि हातात मेळाव्याची सुरी होती. पातं लाल होऊन ऐरणीवर आलं. मी घण उचलला आणि टिचकीची वाट बघत थांबले. टिचकी आली नाही. हातोडी ह्यांच्या हातून सुटली आणि पायावर पडली, आणि ह्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. ते माझ्याकडं बघत होते. तोंड उघडलं, ओठांची एक बाजू हलली, आणि घशातून काहीतरी घोगरं निघालं. त्यांना मलाच हाक मारायची होती. ह्यात मला तिळभर शंका नाही. त्यांच्या तोंडाची ती ठेवण मी जन्मभर बघत आले होते. अ गिळायला तोंड उघडलं आणि पुढचं आलंच नाही.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात जीव वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, की मेंदूत बोलण्याची जागा असते, तिथंच मार बसलाय. ह्यांना सगळं कळतं, सगळं ऐकू येतं, फक्त शब्द सापडत नाही. मी विचारलं, "येईल का परत?" ते म्हणाले, "प्रयत्न करत राहा." मी घण मारणारी बाई, प्रयत्न म्हटलं की मला हातात काहीतरी धरल्यासारखं वाटलं. बरं वाटलं. ह्यांना घरी आणलं, शेडकडचं दार उघडं ठेवून दाराशी खाट टाकली, म्हणजे त्यांना ऐरण दिसावी. सांडशी धाकट्या दिरांनी हातात घेतली.

बीडला एक तरुण ताई आहेत, बोलणं गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवतात. त्यांच्याकडं आम्ही जायला लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी कंगवा दाखवला, किल्ली दाखवली, हे काय, ते काय. ह्यांना एकाचंही नाव येईना. कपाळावर घाम आला. मग ताईंनी माझ्याकडं बोट करून विचारलं, "ह्या कोण? ह्यांचं नाव सांगा बघू." ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग मान खाली घालून चक्क लाजले. ताईंनी कागदावर लिहिलं, की पत्नीचं नावही सांगता आलं नाही. मी म्हटलं, "ताई, ते खोडा. ते धडधाकट असते तरी तुमच्यापुढं माझं नाव घेतलं नसतं." ताई हसल्या. "मग काय म्हणून बोलवायचे?" मी म्हटलं, "अगं." ताई म्हणाल्या, "चला, मग तुम्ही घरी त्याच शब्दावर मेहनत घ्या."

मी मेहनत घेतली. सकाळचा चहा पाजताना मी म्हणायची, "म्हणा, अगं." ते तोंड उघडायचे, गळ्याच्या शिरा ताणायचे, आणि भलताच आवाज निघायचा. पहिला स्वच्छ शब्द आला तो "च्यायला". हातातला चमचा पडला म्हणून. इतका खणखणीत आला की मी खदखदून हसले आणि हसता हसता रडायला लागले, आणि हे माझ्याकडं बघत बसले. पण दुसऱ्यांदा म्हणा म्हटलं तर येईना. ताईंनी समजावलं, की शिव्या, आकडे, आरत्या, असलं तोंडात बसलेलं कधीकधी आपलं आपण निघतं. माणूस ते बोलत नसतो, ते नुसतं येतं. पाठ असलेलं काही असेल तर ते म्हणवून बघा, कदाचित त्यातून वाट सापडेल.

आरती ह्यांना कधीच पाठ नव्हती. देवळात हे हात जोडण्यापुरते. पाठ म्हणाल तर एकच गोष्ट होती. मी शेडमधून छोटी हातोडी आणली, त्यांच्या डाव्या हातात दिली, माझा हात वर ठेवला, आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर टिचकी मारली. म्हटलं, "ता."

त्यांनी पुढची टिचकी स्वतः मारली. "मा. हा. गा. ने."

सगळा शब्द आला. मग किस्साकि, मधल्या थांबण्यासकट. मग होच्यो, चहातला च घेऊन. मग हामोन, आणि शेवटचा न् पुरी मात्रा होईपर्यंत थांबला. मी दिरांना हाका मारल्या, शेजारणीला बोलावलं, लेकीला फोन लावला. लेक बापाला दादा म्हणते, ती फोनवर रडत म्हणाली, "दादा बोलायलेत की गं आई." सगळं पूर्ववत झाल्यासारखे आम्ही सगळे त्या दिवशी वागलो.

मला वाटलं, वाट सापडली. रोज टिचक्या, रोज शब्द. आणि काही दिवसांनी ते शब्द टिचकीशिवायही यायला लागले. हे तोंड उघडून म्हणायचे, "तोइशि." मी विचार करायची, धार लावायचा दगड आधी पाण्यात भिजवावा लागतो, म्हणजे ह्यांना पाणी पाहिजे. पाणी द्यायची, ते प्यायचे, मला आनंद व्हायचा. पुढच्या वेळी पुन्हा "तोइशि". मी पाणी आणायची, तर ते डाव्या हातानं पेला ढकलायचे. थंडी वाजत असायची, नाहीतर कूस बदलायची असायची. याकि-इरे म्हणजे गरम होतंय, किस्साकि म्हणजे बोट दुखतंय, असे किती अर्थ मी लावले असतील. एकही खरा नव्हता. पांघरूण मागायला तोंड उघडावं आणि तोंडातून तलवारीचं टोक निघावं, असं चाललं होतं. आणि ते त्यांना कळत होतं. हेच सगळ्यात वाईट. स्वतःच्या तोंडून "किस्साकि" ऐकलं की ते डोळे मिटून घ्यायचे. ज्या शब्दांचा इतका मान ठेवला, तेच आता तोंडातून कसेही सांडत होते.

एका रविवारी मी संभाजीनगरच्या बाईंना फोन लावला. आजाराचं काही बोलले नाही. म्हटलं, "हे शब्द म्हणून दाखवणार हायत, ऐकता का?" आणि मोबाइल ह्यांच्या तोंडाशी धरून दांडीवर टिचक्या मारल्या. एकामागून एक सगळे शब्द आले. पलीकडून बाई म्हणाल्या, "बरोबर. अगदी बरोबर. आता ह्यात मला सांगण्यासारखं काही उरलं नाही." मोबाइलचा आवाज मोठा होता, ह्यांनी ऐकलं. वर्षभर ज्याची वाट बघितली तो शब्द कानावर पडला, आणि त्यांनी डाव्या हातानं मोबाइल लोटून दिला आणि भिंतीकडं तोंड केलं. त्यांची पाठ हलत होती. मी बाहेर येऊन बाईंना खरं ते सांगितलं. मेळावा त्यानंतर होऊन गेला. आचाऱ्यानं फोटो पाठवले, मी ते ह्यांना दाखवले नाहीत.

तेव्हाच मी ठरवलं, आता जपानी पुरे. टिचकीवर इतके मोठे मोठे शब्द येतात तर दोन अक्षरं का येणार नाहीत? सकाळचा चहा झाला की त्यांचा डावा हात माझ्या हातात घ्यायची आणि दांडीवर दोन टिचक्या. अ. गं. अ. गं. ताई म्हणाल्या होत्या, फार आशा ठेवू नका. आशा म्हणजे काय चिमटीनं मोजून ठेवायची वस्तू आहे? पावसाळा सगळा त्यात गेला. ते कंटाळायचे, हात काढून घ्यायचे, आणि मग माझं तोंड बघून पुन्हा हात पुढं करायचे. माझ्यासाठी करत होते, मला कळत होतं.

खांडेनवमीचा दिवस आला. त्या दिवशी आमची भट्टी पेटत नाही, लोखंडावर घाव पडत नाही. हत्यारं धुऊन, पुसून पूजेला मांडायची. दीर गावात गेले होते. मी शेडमध्ये घण, सांडशी, हातोड्या ओळीनं लावून हळदकुंकू वाहत होते. रस्त्यावरही गाडी नव्हती. आणि दारातून आवाज आला.

"अगं."

माझ्या हातातली हळदीची वाटी तशीच पडली. मी "ओ" म्हणून धावले. हे खाटेवर, डोळे मोठे केलेले. पुन्हा म्हणाले, "अगं." दोन मात्रा, दोन्ही सारख्या. अ पूर्ण, गं पूर्ण, कुठं गिळलेलं नाही, कुठं ओढलेलं नाही. जसं मी दांडीवर ठोकलं होतं अगदी तसं. मी खाली बसले, त्यांचा हात धरला.

"बोलावलं मला? काय पायजे? सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही.

"मला न्हाई बोलावलं?"

पुन्हा मान हलवली, आणि डाव्या हातानं खिडकीकडं दाखवलं. तोंडावर ऊन येत होतं. त्यांना खिडकी म्हणायचं होतं.

मान होकारार्थी हलवली असती तर त्यांचं काय जाणार होतं? मला जन्माला पुरलं असतं. मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले, म्हटलं, एक खोटं बोलला असतात माझ्यासाठी. पण हा माणूस दुसऱ्याच्या घरचा शब्दसुद्धा चुकीचा वापरायचा नाही म्हणून वर्षभर झटलेला. माझा शब्द कसा खोटा वापरेल? मी उठून खिडकी लावली. मग शेडमध्ये जाऊन सांडलेली हळद भरायला बसले आणि बराच वेळ भरतच बसले.

आता जपानी शब्द कमी झालेत. त्यांच्या जागी बहुतेक वेळा हेच येतं. पाण्याला अगं, पांघरुणाला अगं, अंगावर बसलेल्या माशीला अगं. आम्ही शेडमध्ये असतो, दीर टिचकी मारतात, माझा घण वर असतो, आणि आतून हाक येते. दीर सांडशी मागं घेऊन थांबतात. मी दाराकडं वळते तर हे माझ्याकडं बघून आधीच मान हलवत असतात, उगाच धावत येऊ नकोस, तुला नाही बोलावलं. ते मला माहीत असतं. मी घण खाली ठेवते, "ओ" म्हणते आणि आत जाते.